दृष्टिपटल, प्रकाश आणि प्रकाशभेद : कफ्लर यांच्या प्रबंधाचे पुनर्वाचन

१

‘दृष्टिपटल प्रकाश मोजीत नाही, ते प्रकाशभेद मोजते.’ दृष्टीच्या शरीरक्रियाविज्ञानावरील उत्तरपत्रिकांमध्ये हे वाक्य कोठे ना कोठे भेटतेच. त्याच्या शेजारी बहुधा एक आकृतीही असते : दोन समकेंद्री वर्तुळे, आतल्या वर्तुळात अधिक चिन्हे आणि बाहेरच्या कड्यात उणे चिन्हे. या वाक्याचे आणि या आकृतीचे मूळ स्टीफन कफ्लर यांच्या प्रबंधात आहे असे सांगितले जाते. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील आवेगांचे नमुने आणि त्याची कार्यात्मक रचना, या विषयावरील हा प्रबंध १९५३ साली ‘जर्नल ऑफ न्यूरोफिजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या शास्त्रीय लेखनाची कीर्ती फार पसरते, ते पुष्कळदा उद्धृत केले जाते आणि क्वचितच वाचले जाते. या प्रबंधाच्या वाट्यालाही तेच आले आहे. त्यात नेमके काय सिद्ध झाले, पुढील अभ्यासकांनी त्यात काय मिसळले आणि सात दशकांच्या संशोधनानंतर त्यांपैकी काय टिकून राहिले, या तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रारंभी ‘प्रकाशभेद’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांवरून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशांतील अंतर, हा त्याचा ढोबळ अर्थ झाला. शास्त्रात मात्र ते अंतर भोवतालच्या सरासरी उजेडाच्या तुलनेत किती आहे, हा अर्थ अभिप्रेत असतो. पहिल्या अर्थात केवळ वजाबाकी आहे; दुसऱ्यात भागाकारही आहे. या दोन अर्थांची गल्लत हेच पुढील बहुतेक गोंधळाचे कारण असल्याचे दिसून येईल.

२

मानवी दृष्टिपटलात सुमारे ९ कोटी शलाका आणि सुमारे ४५ लक्ष शंकू या प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांचा संदेश द्विध्रुवी पेशींमार्फत गुच्छिका पेशींकडे येतो आणि गुच्छिका पेशींचे तंतू एकत्र येऊन दृष्टिमज्जातंतू बनतो. या तंतूंची संख्या सुमारे १० लक्ष आहे. मार्गात क्षैतिज पेशी आणि अमॅक्रिन पेशी आडवे दुवे जोडतात. प्रकाशग्राही पेशींच्या मानाने बाहेर जाणाऱ्या तंतूंची संख्या इतकी अल्प आहे की, दृष्टिपटल हे निव्वळ छायाचित्रणाचे पटल असू शकत नाही. मेंदूकडे काही पाठविण्यापूर्वी त्यात निवड होत असली पाहिजे, हे शरीररचनेवरूनच ध्यानात येते. प्रश्न होता तो निवड कोणत्या तत्त्वाने होते हा.

या प्रश्नाला प्रायोगिक रूप देण्याचे श्रेय हार्टलाइन यांचे. १९३८ साली त्यांनी बेडकाचा डोळा उघडून दृष्टिपटलावरील एकेक तंतू सुटा केला आणि त्यातील आवेग नोंदविले. सुमारे २० टक्के तंतू प्रकाश चालू असेपर्यंत आवेग देत राहिले, सुमारे ५० टक्के प्रकाश लागताना आणि मालवताना क्षणभर जागे झाले, तर उरलेले प्रकाश मालवल्यावरच बोलू लागले. दृष्टिपटलाच्या ज्या भागावर प्रकाश टाकला असता एखादा तंतू प्रतिसाद देतो, त्या भागाला हार्टलाइन यांनी त्या तंतूचे ‘ग्रहणक्षेत्र’ म्हटले. हा शब्द शेरिंग्टन यांनी त्वचेच्या प्रतिक्षेपांसंबंधी पूर्वीच योजला होता. तथापि हार्टलाइन यांच्या वर्णनात हे क्षेत्र एकजिनसी आहे. त्याच्या कोणत्याही भागाला उद्दीपित केले तरी तंतूचा स्वभाव पालटत नाही.

कफ्लर यांच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य प्रथम साधनात आहे. टॅलबट यांच्या सहकार्याने त्यांनी एक विशेष ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला होता. मांजराचा डोळा न उघडता, त्याच्या स्वतःच्या भिंगातूनच दृष्टिपटल पाहणे, त्यावर स्थिर पार्श्वप्रकाश ठेवणे आणि त्या पार्श्वप्रकाशावर लहान प्रकाशबिंदू हवा तेथे फिरविणे, ही तिन्ही कामे त्या उपकरणाने एकाच वेळी साधत. त्याच वेळी एक सूक्ष्म विद्युत् अग्र गुच्छिका पेशीजवळ नेऊन तिचे आवेग टिपले जात. डोळ्याची नैसर्गिक प्रकाशव्यवस्था अबाधित ठेवून आणि पार्श्वप्रकाशावर नियंत्रण ठेवून केलेला हा प्रयोग पूर्वीच्या प्रयोगांहून गुणात्मकदृष्ट्या निराळा होता.

निष्कर्ष सर्वविदित आहेत. अंधारातही गुच्छिका पेशी स्वस्थ नसते. ती सतत काही आवेग देत असते. काही पेशींच्या बाबतीत ग्रहणक्षेत्राच्या मध्यावर प्रकाशबिंदू पडला की आवेगांचा वेग वाढतो आणि भोवतालच्या कड्यावर पडला की तो घटतो. या ऑन-केंद्री पेशी. दुसऱ्या काही पेशींत नेमका उलटा प्रकार, त्या ऑफ-केंद्री. केंद्र आणि परिसर दोन्ही एकदम उजळले, तर परस्परविरोधामुळे प्रतिसाद क्षीण होतो. याच वर्षी बार्लो यांनी केंब्रिज येथे बेडकाच्या दृष्टिपटलातही परिसराचे निरोधन दाखविले, हे न्यायदृष्टीने येथेच नमूद केले पाहिजे.

३

प्रबंध मुळातून वाचणाऱ्याचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे वेधले जाते. कफ्लर यांच्या वर्णनात ग्रहणक्षेत्र ही स्थिर आकृती नाही. पार्श्वप्रकाशाची तीव्रता, बिंदूचा आकार, त्याचे स्थान आणि प्रखरता यांपैकी काहीही बदलले की आवेगांचा नमुना पालटतो. केंद्र आणि परिसर यांच्या मध्ये प्रकाश लागताना व मालवताना दोन्ही वेळा प्रतिसाद देणारा संमिश्र पट्टाही आढळतो. पाठ्यपुस्तकांतील अधिक-उणे चिन्हांच्या आकृतीत केंद्र आहे, परिसर आहे, पण पार्श्वप्रकाश नाही. म्हणजे प्रयोगातील एक प्रधान चलराशीच आकृतीतून गळून पडली आहे.

ही गळती किरकोळ नाही. १९५७ साली बार्लो, फिट्‌झह्यू आणि कफ्लर यांनी असे नोंदविले की, डोळा अंधाराला पूर्णपणे अनुकूल झाला म्हणजे परिसराचा विरोधी परिणाम आढळेनासा होतो. ज्या रचनेला दृष्टिपटलाचा मूलमंत्र म्हटले जाते, ती रचनाच मंद उजेडात विरते. असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर १९८२ साली श्रीनिवासन, लाफ्लिन आणि डब्स यांच्या विवेचनातून मिळाले. उजेड भरपूर असतो तेव्हा एका बिंदूचा उजेड शेजारच्या बिंदूंवरून बराचसा अदमासता येतो. जे अदमासता येते ते पुन्हा कळविणे व्यर्थ, म्हणून परिसराचा अंदाज वजा करून उरलेला फरक तेवढा पाठविणे काटकसरीचे ठरते. उजेड अत्यल्प असतो तेव्हा मात्र प्रकाशकणांच्या येण्यातील यादृच्छिक चढउतारच मोठा असतो. अशा वेळी वजाबाकी केली तर संदेश घटतो आणि गोंगाट उरतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांची बेरीज करणे हिताचे. परिसराचे निरोधन हा दृष्टिपटलाचा अढळ स्वभाव नसून परिस्थितीनुसार अंगीकारलेले धोरण आहे, असा याचा अर्थ होतो. १९५३ च्या प्रबंधातील सावध वर्णनाशी ही उपपत्ती जितकी जुळते, तितकी ती पाठ्यपुस्तकी आकृतीशी जुळत नाही.

४

आता मूळ वाक्याकडे वळता येईल. ‘दृष्टिपटल प्रकाशभेद मोजते’ हे केंद्र-परिसर रचनेवरून सिद्ध होते काय? एका साध्या हिशेबाने उत्तर मिळते. छापील पानाचा कागद त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के आणि शाई ५ टक्के परावर्तित करते असे धरावे. दिव्याखाली पानावर १०० एकके प्रकाश पडत असेल, तर कागदाकडून ८० आणि शाईकडून ५ एकके डोळ्याकडे येतील. तेच पान दुपारच्या उन्हात नेले आणि उजेड ३०० पट वाढला, तर कागदाकडून २४,००० आणि शाईकडून १,५०० एकके येतील. उन्हातील काळी शाई दिव्याखालच्या पांढऱ्या कागदाहून जवळजवळ १९ पट अधिक प्रकाश देते. तरीही ती काळीच दिसते. या गोष्टीकडे हेरिंग यांनी पूर्वीच लक्ष वेधले होते.

गुच्छिका पेशी केवळ परिसर वजा करीत असेल, तर दिव्याखाली तिला ७५ चा फरक मिळेल आणि उन्हात २२,५०० चा. वजाबाकीने उजेडाचा प्रश्न सुटला नाही. तो जसाच्या तसा ३०० पट वाढून पुढे आला. गुच्छिका पेशीच्या आवेगांचा वेग दर सेकंदाला काही शेकड्यांच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे इतका मोठा पल्ला तिच्या आवाक्यातलाच नव्हे. दोन्ही ठिकाणी स्थिर राहते ते कागद आणि शाई यांचे १६ : १ हे प्रमाण. ते हाती यावयाचे, तर संदेशाला सरासरी उजेडाने भागावे लागते.

हा भागाकार करण्याची क्रिया म्हणजे प्रकाश-अनुकूलन. बाहुलीचा तीत वाटा अल्प आहे. तिचा व्यास २ पासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलला तरी क्षेत्रफळात १६ पटच फरक पडतो. मुख्य कार्य प्रकाशग्राही पेशींत आणि त्यांच्या पुढील मज्जापेशींच्या थरांत होते; उजेड वाढला की त्यांची संवेदनक्षमता त्या मानाने उतरते. डोळ्याला प्रकाशभेदाचे उत्तर सर्व प्रकारच्या उजेडात शक्य तितके सारखे देता यावे, हेच अनुकूलनाचे प्रयोजन होय, असे प्रतिपादन शॅप्ली आणि एनरॉथ-कुगेल यांनी १९८४ च्या विस्तृत समालोचनात केले. म्हणून ‘दृष्टिपटल प्रकाशभेद मोजते’ या विधानाचा आधार दोन निरनिराळ्या यंत्रणांत आहे : जागेच्या अंगाने वजाबाकी करणारी परिसराची रचना आणि उजेडाच्या अंगाने भागाकार करणारे अनुकूलन. समकेंद्री वर्तुळांची आकृती यांपैकी पहिलीच दाखविते. श्रेय मात्र दोहोंचे घेते.

५

कफ्लर यांच्या प्रबंधानंतर सहा वर्षांनी, १९५९ साली, लेटविन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स यांचा बेडकाच्या डोळ्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. दोन्ही लेखनांची तुलना उद्बोधक आहे. कफ्लर यांचे उद्दीपक म्हणजे प्रकाशाचा ठिपका. लेटविन व सहकाऱ्यांनी बेडकापुढे ॲल्युमिनियमचा अर्धगोल ठेवून त्याच्या आतील बाजूस चुंबकाने लहान वस्तू हलविल्या. कफ्लर पेशींना प्रयोगातील वर्तनावरून नाव देतात : ऑन-केंद्री, ऑफ-केंद्री. बेडकाच्या निबंधात पेशींना कार्यावरून नावे मिळतात : कडा ओळखणारी, बहिर्गोल लहान वस्तू ओळखणारी, हलती कडा ओळखणारी, अंधारून येणे ओळखणारी. पहिल्या नामकरणात प्रयोगकर्त्याने काय केले ते सांगितले आहे. दुसऱ्यात प्राण्याला काय उपयोग होत असावा ते.

दुसऱ्या पद्धतीचा धोका उघड आहे. पेशीला एखादी वस्तू ‘ओळखणारी’ म्हटले की तिच्या इतर वस्तूंना मिळणाऱ्या प्रतिसादांकडे दुर्लक्ष होते आणि उपयोगासंबंधीचे अनुमान निरीक्षणाच्या वेषात वावरू लागते. पण पहिल्या पद्धतीलाही दोष नाही असे नाही. ठिपक्याने विचारलेल्या प्रश्नाला ठिपक्यापुरतेच उत्तर मिळते. १९६६ साली एनरॉथ-कुगेल आणि रॉबसन यांनी मांजरापुढे उजेड-अंधाराच्या समांतर पट्ट्यांचे नमुने ठेवले, तेव्हा एकसारख्या भासणाऱ्या केंद्र-परिसर पेशींचे दोन स्पष्ट वर्ग निघाले. एक्स पेशींत पट्ट्या अशा जागी ठेवता येत की त्या आणल्याने वा काढल्याने पेशी ढिम्म राही, कारण क्षेत्रातील बेरीज-वजाबाकी शून्य होई. वाय पेशींना अशी शून्य जागाच नव्हती. पुढे २०१६ साली बाडेन व सहकाऱ्यांनी उंदराच्या दृष्टिपटलात गुच्छिका पेशींचे निदान ३२ कार्यात्मक प्रकार असल्याचे दाखविले. बेडकाच्या निबंधातील विविधतेवर त्या काळी जो अविश्वास दाखविला गेला, तो पुष्कळसा अनाठायी होता हे यावरून मान्य करावे लागते. कफ्लर यांचे नमुने खोटे ठरले नाहीत. ते सर्वव्यापी आहेत ही समजूत तेवढी खोटी ठरली.

६

सर्वांत गंभीर अतिव्याप्ती घडली ती दृष्टिभ्रमांच्या क्षेत्रात. १८७० साली हेरमान यांनी वर्णिलेली जाळी प्रसिद्धच आहे : काळ्या चौकोनांमधून पांढरे रस्ते जातात आणि रस्त्यांच्या चौकांत करडे डाग भासतात. १९६० साली बाउमगार्टनर यांनी त्याची उपपत्ती ग्रहणक्षेत्राच्या आधारे मांडली. चौकावर केंद्र असलेल्या पेशीच्या परिसरात चार बाजूंनी पांढरे रस्ते येतात, रस्त्याच्या मधल्या भागावर असलेल्या पेशीच्या परिसरात दोनच. म्हणून चौकात निरोधन अधिक आणि तेथे अंधारल्यासारखे दिसते. नजर ज्या चौकावर खिळते तेथील डाग नाहीसा होतो, कारण दृष्टिपटलाच्या मध्यभागी ग्रहणक्षेत्रे फार लहान असतात. ही उपपत्ती सुबोध आहे, फळ्यावर काढून दाखविता येते आणि एका पेशीच्या वर्तनापासून थेट अनुभवापर्यंत पोहोचल्याचे समाधान देते. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य यातच आहे.

परंतु २००५ साली शिलर आणि कार्वी यांनी या उपपत्तीशी न जुळणारे अनेक पुरावे एकत्र मांडले. भ्रम जाळीच्या आकारमानाच्या मोठ्या पल्ल्यात टिकून राहतो, हा त्यांतील एक. २००८ साली गायर व सहकाऱ्यांनी तर केवळ रस्त्यांच्या कडा किंचित नागमोडी केल्या. चौकात चार रस्ते आणि मध्ये दोन, हे प्रमाण जसेच्या तसे राहिले. त्यामुळे परिसराच्या निरोधनात म्हणण्यासारखा फरक पडावयास नको. डाग मात्र नाहीसे झाले. कडांचा सरळपणा मोजणे हे वर्तुळाकार केंद्र-परिसर पेशीचे काम नव्हे. त्याहीपूर्वी, १९७९ साली, व्हाइट यांनी प्रसिद्ध केलेला भ्रम याच दिशेने बोट दाखवीत होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपैकी काळ्या पट्टीचा तुकडा काढून तेथे करडा तुकडा बसविला, तर त्याच्या कडेचा बहुतांश भाग पांढऱ्याला लागून असतो. परिसराच्या निरोधनाने तो अधिक गडद दिसावयास हवा. प्रत्यक्षात तो अधिक उजळ दिसतो.

या ठिकाणी तर्कातील चूक नेमकी कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. दृष्टिपटलात केंद्र-परिसर रचना आहे, हे निरीक्षण खरे. त्या रचनेतून चौकात मंद संदेश निघेल, हे अनुमानही चूक नाही. चूक आहे ती मंद संदेश म्हणजेच करडे दिसणे, हे समीकरण पुराव्याविना गृहीत धरण्यात. दृष्टिपटलाचा संदेश ही दृष्टीची सामग्री आहे. ती प्रत्यक्ष दृष्टी नव्हे. मांजराच्या पेशीतील आवेग मोजणाऱ्या प्रबंधावर माणसाला काय दिसते याचा भार घातला गेला आणि तो भार त्या प्रबंधाने कधी पत्करलेलाच नव्हता.

पेशीपासून अनुभवाकडे जाण्याचा योग्य मार्ग कसा असतो, याचे उदाहरण शिलर यांच्याच कार्यात सापडते. एपीबी हे द्रव्य ऑन-द्विध्रुवी पेशींवर प्रकाशग्राही पेशींच्या रासायनिक संदेशाप्रमाणेच कार्य करून त्यांना जणू अंधारात ठेवते. १९८६ साली शिलर, सँडेल आणि मॉन्सेल यांनी ते माकडाच्या डोळ्यात सोडले. माकडाला उजेडातील वाढ ओळखणे फार कठीण झाले. घट मात्र ते पूर्ववत ओळखीत राहिले. येथे यंत्रणेत हस्तक्षेप आहे, प्राण्याच्या वर्तनाची नोंद आहे, आणि दोहोंमधील दुवा प्रयोगानेच जोडला आहे. ऑन आणि ऑफ या कफ्लर यांच्या विभागणीला इतका भक्कम आधार दुसरा नाही.

७

वाक्याचा पूर्वार्ध, म्हणजे ‘दृष्टिपटल प्रकाश मोजीत नाही’ हा, उरतो. तोही निरपवाद नाही. १९६९ साली बार्लो आणि लेव्हिक यांना मांजरात अशा काही मोजक्या पेशी आढळल्या की ज्यांच्या आवेगांचा वेग एकंदर उजेडाबरोबर वाढत जाई. बहुसंख्य पेशींपुढे त्या अपवाद म्हणून बाजूला राहिल्या. पुढे २००२ साली बर्सन, डन आणि टाकाओ यांनी उंदीरवर्गीय प्राण्यात दाखवून दिले की, मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य बाळगणाऱ्या काही गुच्छिका पेशी शलाका आणि शंकू यांच्या साहाय्याविना स्वतःच प्रकाश ग्रहण करतात आणि उजेडाची पातळी दीर्घकाळ कळवीत राहतात. दिनरात्रीच्या चक्राशी शरीराचा मेळ घालणे आणि बाहुली लहान ठेवणे या कार्यांत त्यांचा वाटा आहे. ज्याला पहाट झाली की नाही हे ठरवावयाचे आहे, त्या प्राण्याला प्रकाशभेद पुरत नाही. त्याला प्रत्यक्ष प्रकाशच मोजावा लागतो.

हे सर्व ध्यानात घेता मूळ वाक्य पुढीलप्रमाणे दुरुस्त करणे इष्ट ठरते : पुरेशा उजेडात, दृष्टिपटलाच्या बहुसंख्य गुच्छिका पेशी अनुकूलन आणि परिसरनिरोधन या दोन क्रियांच्या योगाने प्रामुख्याने प्रकाशभेद कळवितात, उजेड मंदावला की त्या शेजारच्या संदेशांची बेरीज करण्याकडे वळतात, आणि थोड्या पेशी सर्व काळ प्रकाशाची पातळीच कळवितात. हे विधान मूळ वाक्याइतके आटोपशीर नाही आणि फळ्यावरील दोन वर्तुळांत ते मावणार नाही. परंतु प्रबंधाचे वाचन शक्य असताना आकृतीवर विसंबण्याची सवय पदव्युत्तर अभ्यासात कितपत चालवून घ्यावी, हा प्रश्न अध्यापकांनी विचारात घेण्यासारखा आहे. जाळीच्या भ्रमाची जुनी उपपत्ती तिच्याविरुद्धचे पुरावे प्रसिद्ध झाल्यानंतरही वर्गांतून शिकविली जात राहिली, ती याच सवयीमुळे.

कफ्लर १९८० साली निवर्तले. त्यांच्या प्रयोगशाळेत १९५८ साली एकत्र काम सुरू करणाऱ्या ह्यूबेल आणि वीझेल यांना पुढल्याच वर्षी, १९८१ साली, नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दोघांनी ठिपक्याऐवजी कडेची रेषा योजली आणि मेंदूतील दृष्टिक्षेत्राचा नवा अभ्यास सुरू केला. कफ्लर यांची आकृती पुढे नेण्यापेक्षा त्यांची पद्धती पुढे नेणे अधिक फलदायी ठरते, हे त्यावरूनही दिसते. उद्दीपक बदलून पाहावा, पार्श्वभूमी बदलून पाहावी, आणि पेशी जेवढे सांगते तेवढेच लिहावे, ही ती पद्धती होय. १९५३ च्या प्रबंधाचे मोल आजही याच संयमात आहे.